थरथरणारं खोकं

दुकानदार गाणं लावून बाजूला झाला आणि वहिनीने ऐकायचं सोडून स्पीकरच्या डोक्यावर पंजा ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आख्खा, बोटं पसरून. क्षणभर तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "हा नको. ह्याच्यात जीव नाही. पुढचा लावा." मला हसू आलं. हसू येता येताच मी ते आवरलं, कारण दादा हसला नव्हता. दादा तिच्या हाताकडे बघत होता, जणू त्या हाताला आमच्यापेक्षा जास्त कळतं. आणि ह्या दुकानात मला ओढत आणलं होतं ते दादानेच. "मने, तू चल. आवाजातलं तुला कळतं," असं फोनवर सांगून त्याने माझी सुट्टीची सकाळ मोडली होती. मीही लटके आढेवेढे घेऊन आले होते, कारण कोणीतरी आपल्याला बोलावतंय हे मला फार आवडतं. आता ह्या बाईने खोक्यावर हात ठेवला आणि माझी सगळी विद्या दुकानाच्या दारातच चपलांपाशी राहिली.

मी कान तपासते. मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक आवाजबंद खोली आहे, तिच्यात माणसाला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं आणि बाहेर काचेपलीकडे बसून बारीक मोठे सूर सोडायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. किती बारीक ऐकू येतं त्याचा आलेख काढायचा आणि डॉक्टरांकडे पाठवायचा. पुढे मशीन लागलं तर तेही मीच बसवते. हे काम करता करता माझे कान असे झालेत की लग्नाच्या हॉलमध्ये लोक जेवणाला नावं ठेवतात तेव्हा मी लाऊडस्पीकरला ठेवते. तर दादाला सेट घ्यायचा होता. संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून काहीतरी ऐकावं अशी टूम वहिनीने काढली होती. दादाला खरं म्हणजे भिंतभर टीव्ही हवा होता, भाचीला माइक हवा होता, स्वतःच्या आवाजात गाऊन शेजाऱ्यांना छळायला. पण वहिनी म्हणाली, आधी आईंसाठी गाणी, मग तुमची थेरं. आईंसाठी. माझ्या आईसाठी काय आणायचं हे वहिनी ठरवणार, आणि ते चांगलं वाजतं की नाही एवढं सांगायला मी, म्हणजे स्वयंपाक एकीने करायचा आणि मीठ बरोबर आहे का तेवढं दुसरीने सांगायचं.

वहिनी गाडी चालवायला शिकवते. तिची स्वतःची शाळा आहे, दोन गाड्या आहेत, आणि दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून "क्लच, क्लच, क्लच" असं ओरडून तिचा आवाज असा झालाय की ती कुजबुजली तरी जिन्यात ऐकू येते. म्हणून मला वाटलं, गिअरच्या दांड्यावर हात ठेवून गाडीचं दुखणं ओळखायची सवय, तीच ती इथे चालवते आहे. तिसऱ्या सेटवर तिने हात ठेवला आणि तिचा चेहरा उजळला. "हा. हाच." मी कान लावून ऐकलं. अक्षरशः भिकार. खालचे सगळे आवाज एकमेकांत कालवलेले, वरच्या स्वरांचा पत्ताच नाही, आणि खोकं असं थरथरत होतं की वर ठेवलेली दुकानदाराची पावती सरकत सरकत कडेला आली. मी म्हटलं, "अहो वहिनी, चांगल्या स्पीकरचं खोकंच हलता कामा नये. खोकं हललं म्हणजे आवाज लाकडात गेला. आपल्याला तो कानात हवाय ना?" दुकानदाराने मान डोलावली. "मॅडम बरोबर बोलतात," तो म्हणाला. मी त्या माणसाला मनातल्या मनात सगळे गुण देऊन टाकले. मी निवडलेला सेट पातळ, काळा, जागचा न हलणारा होता. त्याच्यातून गाणाऱ्या बाईने मध्येच घेतलेला श्वासही ऐकू येत होता. वहिनीने त्याच्यावरही हात ठेवला, मग काढला. "वन्सं म्हणतील तसं," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून ती मला चेष्टेने वन्सं म्हणते, जुन्या बायकांसारखं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. इतक्या पटकन सोडून दिलं की जिंकल्याची काही मजाच राहिली नाही, आणि घरी जाताना रिक्षात मी स्वतःलाच पुन्हा पुन्हा समजावत राहिले की मी जिंकले आहे.

कानामागून आली आणि तिखट झाली, असं आमच्या शेजारच्या काकू तिच्याबद्दल म्हणाल्या होत्या, तेव्हा मी त्यांना वरवर दटावलं आणि आतून त्यांना चहाला बोलवावंसं वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, मी वहिनीवर जळते. ती वाईट असती तर सोपं होतं. आईचं औषध, आईचा चष्मा, आईची नखं कापणं, सगळं ती करते आणि वर बोलून दाखवत नाही. मी रविवारी जाते, फळं नेते, आणि येताना वाटतं की आपण पाहुणे होतो. आईच्या कपाटात कोणती चादर कुठे आहे हे मला विचारावं लागतं. एकदा मी आईचे केस विंचरायला घेतले तर आई म्हणाली, "अगं, उलटा भांग पाडतेस, आता मी डावीकडून पाडते." कधीपासून? कोणी ठरवलं? पण एक गोष्ट माझी होती, आणि ती मी कोणाला बोलले नव्हते. आई माझ्याकडे बघायची. मी बोलायला लागले की हातातलं सगळं टाकून, डोळ्याची पापणी न हलवता, माझ्या तोंडाकडे अशी बघत राहायची की माझं हॉस्पिटलातलं कंटाळवाणं बोलणंसुद्धा मला महत्त्वाचं वाटायला लागायचं. नवरा माझं बोलणं पेपराआडून ऐकतो. मैत्रिणी मोबाइलवर बोट फिरवत ऐकतात. आई मात्र माझा शब्दन् शब्द डोळ्यांनी टिपून घ्यायची. वहिनी बोलली तर आई मान वर करत नसे. वहिनी येऊन तिच्या खांद्याला हात लावायची, काहीतरी खुणेने विचारायची, आई नुसती मान हलवायची आणि पुन्हा खिडकीबाहेर. मी म्हणायचे, घ्या. नखं तुम्ही कापा, पण बघते ती माझ्याकडे. फोनचंही तसंच. "फोनवर काय बोलायचं, ये ना प्रत्यक्ष," म्हणायची, आणि फारच झालं तर, "तोंड दाखव मला, व्हिडिओ लाव." मी हॉस्पिटलात हे कौतुकाने सांगायचे. माझ्या आईला माझं तोंड बघितल्याशिवाय करमत नाही.

मागच्या वर्षी मी आईचे कान तपासले होते. तिचं वय झालं, एकदा बघून घेऊ, असं मीच म्हटलं. तिला त्या खोलीत बसवलं. खरं म्हणजे माणसाला आडवं बसवायचं असतं, तपासणाऱ्याकडे पाठ किंवा कूस करून. समोर बसवलं तर ते आपल्या हाताकडे, चेहऱ्याकडे बघून अंदाजाने बटण दाबतात. नवीन पोरींना मी हे पहिल्याच दिवशी शिकवते आणि चुकल्या तर झापते. पण आई म्हणाली, "बाई गं, दार बंद झालं की मला कोंडल्यासारखं होतं. तू दिसत राहा मला. तुझ्याकडे तोंड करून बसते." माझं काळीज विरघळलं. मी खुर्ची फिरवून दिली. काचेपलीकडून ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी सूर सोडत राहिले आणि ती अगदी वेळेवर बटण दाबत राहिली, इतक्या वेळेवर की मला अभिमान वाटला. आलेख उत्तम आला. वयाच्या मानाने उत्तम नाही, एरवीही उत्तम. तो कागद मी दादाला दाखवला, वहिनीला दाखवला, मोठ्या डॉक्टरांना दाखवला, काकूंना दाखवला. "बघा, तरण्यांना लाजवतील असे कान आहेत आमच्या आईचे," असं मी सगळ्यांना सांगत सुटले. आई शेजारी बसून माझ्याकडे बघून हसत होती. वहिनीने तो कागद हातात घेऊन बराच वेळ धरला होता आणि मग परत दिला होता. मला वाटलं, हिला पोटशूळ.

तर सेट घरी लागला. मी स्वतः तारा जोडल्या, आईची खुर्ची कुठे असली म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज मधोमध येईल ते मोजून ठरवलं. जुनी गाणी लावली. दादा म्हणाला, वा. भाची म्हणाली, "आत्या, बाई गिळलेली थुंकीसुद्धा ऐकू येते." मी आईसमोर वाकून विचारलं, "कसं वाटतं?" आईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "छान आहे गं. फारच छान. तू निवडलंस ना." मी तरंगत घरी गेले. नवऱ्याला सांगितलं. तो पेपराआडून "अच्छा" म्हणाला, तेही मी गोड मानून घेतलं.

त्यानंतर एका संध्याकाळी हॉस्पिटलातून लवकर सुटले आणि रविवार नसताना दादाकडे गेले. जिन्यातूनच धम् धम् ऐकू येत होतं. दार उघडंच होतं. माझा काळा सेट भिंतीपाशी नव्हता. आईचा लाकडी दिवाण, ज्याच्यावर ती दुपारी लवंडते, त्याच्या गाद्या काढून फळ्या उघड्या केल्या होत्या, आणि फळ्यांखाली ते दुकानातलं भिकार खोकं कोंबलेलं होतं. आई दाराकडे पाठ करून फळीवर बसली होती. पायातल्या सपाता काढून तळवे खोक्याला टेकवलेले, दोन्ही पंजे फळीवर, बोटं पसरून. शेजारी वहिनी, तशीच. भाची समोर नाचत होती. आई ठेका धरत होती. इतका बिनचूक की मी दारात उभी राहून तिच्या मानेकडे बघत राहिले. मान डोलत होती, खांदे डोलत होते. मी तिला असं डोलताना लहानपणीसुद्धा पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा मला काय वाटलं ते सांगते. माझा सेट बदलला, एवढंच वाटलं. माझ्या पाठीमागे जाऊन बदलला, आणि आईला तो आवडला. मला इतकी मिरची झोंबली की मी चपला न काढताच आत आले. गाणं संपलं. भाचीने मला बघितलं आणि पुढचं गाणं लावायचं थांबवून गप्प उभी राहिली. खोली अगदी शांत झाली आणि मी म्हटलं, "आई."

आई हलली नाही. मी पुन्हा म्हटलं, "आई." मोठ्याने म्हटलं. खिडकीतली चिमणी उडाली. आई फळीवर पंजे ठेवून पुढच्या गाण्याची वाट बघत बसली होती. रोज माझ्यासमोर कितीतरी माणसं अशी बसतात, पाठमोरी, आणि त्यांच्या पाठीवरून मला कळतं की ह्याला सूर पोचलेला नाही. पाठ ताठ असते, पण वाट बघत असते. ती पाठ मी ओळखते. ती ओळखायचा मला पगार मिळतो. वहिनीने आईच्या खांद्याला हात लावला आणि अंगठ्याने मागे खूण केली. आई वळली. चेहरा घाबरला, सावरला, आणि तिचे डोळे सरळ येऊन माझ्या ओठांवर बसले. डोळ्यांवर नाही. ओठांवर. इतकी वर्षं ते तिथेच बसत होते, आणि मी त्याला काय समजत होते. "अगंबाई, मने, तू आज कशी?" ती म्हणाली, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. मी म्हटलं, "सहज." तिने ते वाचलं आणि हसली.

स्वयंपाकघरात वहिनीने चहाचं पातेलं चढवलं आणि नळ सोडून ठेवला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. मग स्वतःच नळ बंद केला. कोणाला ऐकू जाणार होतं. "कधीपासून?" मी विचारलं. "दोन वर्षं तरी झाली," ती म्हणाली. "मी त्यांना गाडीतून न्यायचे ना दवाखान्यात. मागे बसल्या की बोलायच्याच नाहीत. मला वाटलं रुसल्या. मग एकदा लक्षात आलं, आरशात माझं तोंड दिसलं की उत्तर देतात, नाहीतर नाही. आरसा फिरवून बघितला मी. दोनतीनदा. मग गाडी बाजूला घेतली आणि विचारलं. खूप रडल्या." "आणि तो आलेख?" "तुमच्या भुवया," वहिनी म्हणाली. तिने माझ्याकडे न बघता चहा ढवळला. "आवाज सोडायच्या आधी तुमच्या भुवया वर जातात. त्यांनीच सांगितलं मला. म्हणाल्या, लहानपणी पाढे म्हणतानासुद्धा हिच्या भुवया अशाच वर जायच्या. मला मुळीच ऐकू येत नव्हतं, पण पोरगी इतकी खुशीत दिसली की बटण दाबत गेले." "दादाला माहीत आहे?" "त्यांना काय, टीव्हीपुढे मी बहिरी झाले तरी कळायचं नाही. पोरीला माहीत आहे. दिवाणाखालची युक्ती तिचीच. सेट मी बदलून आणला, बिघडला म्हणून सांगितलं यांना. रागावू नका. तुमचा चांगलाच होता. पण त्यांना त्याच्यातून काहीच मिळत नव्हतं." मी विचारलं, मला का नाही सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अख्ख्या गावाचे कान तपासत फिरते मी. वहिनी म्हणाली, "शपथ घातली होती त्यांनी. म्हणाल्या, तिने तो कागद डॉक्टरांनासुद्धा दाखवलाय. आता लोक म्हणतील, हिला स्वतःच्या आईचे कान तपासता आले नाहीत. माझ्यापायी तिचं नाक कापलं जायला नको."

दुसरी कोणी असती तर इथे रडली असती. आईने माझ्यासाठी दोन वर्षं मुकाट्याने बहिरेपण काढलं, हे मला कळत होतं, समोर फळ्यावर लिहिल्यासारखं कळत होतं. पण मनात जे आलं ते वेगळंच होतं. ती हिच्यासमोर रडली. हिच्यासमोर ती मान खाली घालून बसू शकते, खिडकीबाहेर बघू शकते, फळीवर पाय टेकून डोलू शकते, आणि माझ्यासमोर तिला परीक्षेला बसल्यासारखं बसावं लागतं. मी ज्याला प्रेम म्हणत होते ते कष्ट होते. रविवारी मी निघाल्यावर ती लगेच झोपून जायची, आणि वहिनी म्हणायची, "तुम्ही येऊन गेलात की फार दमतात," आणि मी ती गोष्टसुद्धा वहिनीच्या खात्यावर लावून ठेवली होती, खवचटपणा म्हणून. "बरं झालं तुम्हाला कळलं," वहिनी म्हणाली. तिने खरोखरच सुटकेचा श्वास टाकला. "माझ्या छातीवरचा दगड उतरला. आता तुम्ही बोला त्यांच्याशी. मशीन बसवा. उशीर झाला की कान साथ देत नाहीत असं तुम्हीच म्हणता ना? माझं त्या ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. आजच बोला." मी म्हटलं, "बोलते."

बाहेर आले. भाची आत निघून गेली होती. आई दिवाणावर गाद्या परत घालत होती, घाईघाईने, चोरी झाकल्यासारखी. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा तिने वर बघितलं. "काय गं, काय खलबतं चालली होती नणंद-भावजयीची?" एक वाक्य पुरे होतं. आई, मला माहीत आहे. मग पुढचं सगळं सोपं होतं, ते मी रोज करते. माप घ्यायचं, मशीन बसवायचं, बटण चालू करायचं. आणि ते झाल्यावर काय होतं तेही मला पाठ आहे. पहिल्यांदा ऐकू येतं तेव्हा माणसं समोर बसलेल्या माणसाकडे बघत नाहीत. अजून कोणीही बघितलेलं नाही. ती पंख्याकडे बघतात, खिडकीकडे बघतात, बाहेर कोण बोलतंय, नळ कुठे गळतोय, ते शोधायला मान वळवतात, आणि त्यांची बायको, मुलगा, लेक समोर ताटकळत राहते. मी बाजूला उभी राहून हे बघत हसत आले आहे. आई मान वळवील. मग ती भाजी निवडता निवडता माझं बोलणं ऐकेल, हूं हूं करील, जसं सगळे ऐकतात. वहिनीकडे काही कमी होणार नाही. तिच्याकडे नखं आहेत, चादरी आहेत, डावीकडचा भांग आहे, फळीवरचा तो ठेका आहे. माझ्याकडे काय राहील?

"काही नाही आई," मी म्हटलं. "म्हटलं, सेट झकास निवडलाय वहिनीने." शेवटचा शब्द संपून माझे ओठ मिटेपर्यंत आई बघत राहिली. मग निर्धास्त झाली. मला तिच्या कपाळावर घामाचे थेंब दिसले, आज पहिल्यांदाच दिसले. वहिनी चहाचे कप घेऊन दारात येऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, सांगितलं का, सांगते आहे का, कधी सांगते. पुढच्या रविवारी सांगेन, असं मी मनाशी म्हटलं, आणि मला माहीत होतं की पुढच्या रविवारीही मी हेच म्हणणार आहे. मी खुर्ची खिडकीपाशी ओढली, वहिनीकडे पाठ केली, उजेड चेहऱ्यावर नीट घेतला, आणि एकेक शब्द सावकाश, ओठ पुरते उघडून, आईला हॉस्पिटलातली एक गंमत सांगायला लागले.